उर्वीची आते

कोपर, डोंबिवली (प.)
शुक्रवार

प्रिय वन्सं,

त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आलं होतं. मोरीतलं पिंप भरायला लावलं, गॅसवर दूध ठेवलं आणि मेथीची जुडी सोडून निवडायला बसले. फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. साडेसहाला उर्वीचा फोन येतो. तिथे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, ती नुकती शाळेतून घरी आलेली असते. ही वेळ मीच तिला सांगितली. यांचा डबा भरायची हीच वेळ होती. कोलशेतच्या कंपनीची बस सात पाचला नाक्यावर यायची. यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी साडेसहा वाजले की मी पोळ्यांच्या डब्याचं झाकण काढते आणि मग कशासाठी काढलं ते आठवत बसते. त्यापेक्षा फोन बरा.

उर्वी वर्गातलं काहीतरी सांगत होती. अपूर्णांक शिकवताना एका मुलाने तिला विचारलं म्हणे, मिस, इंडियात पण अर्धा म्हणजे एवढाच का? मी हसले. दूध वर आलं म्हणून उठले, आणि माझी फोनकडे पाठ असताना ऐकलं. उर्वी तिथे कुणाला तरी म्हणाली, "आते, सिट, सिट. आय विल सी द राइस." मी वळून बघितलं तर फोनमध्ये नुसती भिंत. दूध सगळं ओट्यावर गेलं.

वन्सं, तुम्हाला ती आत्या कधी म्हणालीच नाही. आतेच म्हणायची, शेवटचं अक्षर लांबवून. आणि तुम्ही दोघी इंग्रजीतच बोलायचात, पोरीला सराव व्हावा म्हणून. तेव्हा मला शंका आली असं मी म्हणणार नाही. मला शंका आलीच नाही, मला खात्रीच पटली. तुम्ही अमेरिकेत माझ्या मुलीच्या घरी जाऊन बसला आहात, ती तुम्हाला बसवून स्वतः भात बघते आहे, आणि मला कुणी सांगितलेलं नाही.

तुम्हाला उर्वीचं कितपत माहीत आहे याची मला कल्पना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. बी.एड. झाल्यावर तिने ठाण्याच्या एका शाळेत चार वर्षं गणित शिकवलं. मग जाहिरात वाचून अर्ज केला, फोनवर तीन मुलाखती दिल्या आणि ॲरिझोनाला गेली. मेक्सिकोच्या हद्दीजवळ वाळवंटातलं गाव आहे. भाजीचं दुकान चाळीस किलोमीटरवर. तिथल्या सरकारी शाळेत तिथले शिक्षक टिकत नाहीत, म्हणून शाळा बाहेरून आणते. चार जणी फिलिपिन्सच्या, एक जण जमैकाचा आणि आपली उर्वी. व्हिसा देवाणघेवाणीचा आहे. म्हणजे कायमचं राहायला नाही, पाहुणं म्हणून शिकवायला. तीन वर्षं, आणि शाळेने मागून घेतलं तर वर दोन. मग परत यायचंच. वर्षातून एकदा तिला साडी नेसून आपल्या देशाबद्दल बोलावं लागतं, तीही व्हिसाचीच अट. पहिल्या वर्षी तिने मुलांना लगोरी शिकवली. वाळवंटात दगडांना तोटा नाही. मुलं सुट्टीत अजून लगोरी खेळतात, हे तिने मला दहा वेळा सांगितलं असेल, आणि दहाही वेळा माझ्या मनात आलं की लगोरी तिला कोलशेतला तुमच्या सोसायटीच्या आवारात तुम्ही शिकवलीत.

हे माझं जुनं दुखणं आहे. तुम्ही विसरला असाल, मी नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी सातवी शिकलेली होते आणि पाण्याला पानी म्हणत होते. पहिल्याच गणपतीत पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, "ण, हेमांगी, ण." रागाने नव्हे, बाईंच्या सवयीने. मी ण शिकले. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून, मग वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणून, मी पुष्कळ शिकले. यांनी वर्गणी कधी चुकवली नाही. आज मी कुणाहीपुढे बसून बोलू शकते. पण उर्वी पाच वर्षांची असताना मे महिन्यात तुमच्याकडे राहून आली, आणि दारातच मला म्हणाली, "आई, पानी नाही गं, पाणी." तेव्हा मी पाणीच म्हणाले होते, वन्सं. तिला तुमच्याकडून कळलं होतं की आई पानी म्हणते, म्हणून तिला तसं ऐकू आलं. त्या दिवसापासून मी तुमच्याशी सरळ बोलले असेन असं मला वाटत नाही.

नंतर सगळं तुमच्यासारखंच होत गेलं. तिचं अक्षर तुमच्यासारखं, फळ्यावर लिहिताना डावा हात कमरेवर ठेवायची लकब तुमच्यासारखी. दहावीला गणितात अठ्ठ्याण्णव पडले तर तिने पहिला फोन कोलशेतला केला. मी शेजारी उभी होते, हातात पेढे घेऊन. हे म्हणायचे, अगं, ताईला शिकवायचा नाद आहे, आणि तुला जेवायला घालायचा, पोरीला दोन्ही मिळतं. त्यांना ते सोपं होतं. त्यांच्यावर दोघींचा जीव होता.

आणि मग तेराव्याचा दिवस. माणसं जेवून उठत होती. तुम्ही उर्वीला जवळ घेऊन म्हणालात की आता तू माझ्याकडे ये, बी.एड. करून टाक, इथे तुला कोण शिकवणार. मी पानं उचलत होते. हातातली पानं खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्हाला स्वतःचं नाही म्हणून माझं ओढू नका. तुम्ही उठून दाराशी गेलात. चपला घालायला वाकलात तेव्हा तोल गेला आणि भिंतीला हात लावलात, एवढं मला दिसलं. पुढे सरसावून धरावं असं वाटलं नाही. तुमचा धाकटा भाऊ जाऊन तेरा दिवस झाले होते, ज्याला तुम्ही साठीपर्यंत बाळ म्हणत होतात, आणि त्याच्या घरातून मी तुम्हाला तसं पाठवलं. त्याच संध्याकाळी उर्वीकडून माझी शपथ घेववली की आत्याला फोन करायचा नाही, भेटायचं नाही. ती बावीस वर्षांची होती. तिने एकदाच विचारलं, किती दिवस? मी मोरीत भांडी घासायला गेले.

म्हणून त्या सकाळी 'आते' ऐकल्यावर मी उर्वीला सरळ काही विचारू शकले नाही. विचारायचं म्हणजे शपथ काढायची. मी एवढंच विचारलं की घरात कोण आहे. ती म्हणाली, अगं, मारिसेल, माझ्याच शाळेतली, आम्ही दोघी मिळून हे घर घेतलंय, तुला सांगितलं होतं की. सांगितलं होतं खरं. पण तीन वर्षांत मी त्या मारिसेलला कधी बघितलं नव्हतं. फोन आला की ती दुसऱ्या खोलीत जाई. आता मला वाटायला लागलं की मारिसेल हे नुसतं नाव आहे आणि त्या नावामागे तुम्ही आहात. मी कान देऊन बसू लागले. मागे भांड्याचा आवाज आला की ते तुमचंच भांडं. एकदा खोकला ऐकू आला, तो तुमचाच खोकला. उर्वी म्हणायची आज मारिसेलने मासे केलेत, आणि मी मनात म्हणायची, वन्सं बांगडाच करणार, दुसरं काय. एक दिवस ती म्हणाली, आई, मला इथे घरच्यासारखं वाटतं. मी म्हटलं वाटणारच. आणि फोन ठेवला.

नेमकी तेव्हाच तिच्या कागदपत्रांची वेळ आली. शाळेला ती आणखी दोन वर्षं हवी होती. पण तिथला शिकवायचा परवाना वाढवायला बी.एड.च्या गुणपत्रिका लागत होत्या, आणि त्या कॉलेजने स्वतः पाकिटात बंद करून, चिकटवलेल्या कडेवर सही-शिक्का मारून द्यायच्या. पाकीट मध्ये कुणी उघडलं तर चालत नाही. मार्च अखेरच्या आत पोचलं नाही तर परवाना नाही, परवाना नाही तर व्हिसाही पुढे नाही, आणि जुलैत परत. ते पाकीट आणायचं काम माझं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी मी कल्याणला कॉलेजात गेले, अर्ज केला, आणि आठवड्याने सुदेश नावाच्या क्लार्कने पाकीट हातात दिलं. चांगला मुलगा आहे. म्हणाला, काकी, सरळ कुरियरला टाका, घरी नेऊ नका, हळदीकुंकवाचे हात लागतात. मी ते घरी आणलं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलं. उर्वीला सांगितलं, क्लार्क रजेवर आहे.

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. फोनवर ती दिसली, मागे भिंत दिसली, आणि मी म्हणून टाकलं. मनात हिशेब सरळ होता. पाकीट गेलं की ती आणखी दोन वर्षं तुमच्याकडे राहील. नाही गेलं की जुलैत माझ्याकडे.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी एक दिवस कोलशेतला आले होते. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ठाण्याहून बस धरली, तुमच्या गेटवर उतरले. वॉचमन तोच आहे, गुणाजी, फक्त केस पांढरे झालेत. त्याने मला ओळखलं नाही. म्हणाला, बाई जानेवारीपासून नाहीत, गाडी आलेली, मोठी बॅग घेऊन गेल्या. कुठे गेल्या विचारलं तर म्हणाला, "पोरीकडे गेल्यात." मी तशीच वळले. वन्सं, चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला किती पोरी असतील हे त्याला कळत होतं, मला नाही. माझ्या डोक्यात पोरगी एकच.

घरी येऊन चहासुद्धा केला नाही. कपाट उघडलं, पाकीट काढलं, बोट घालून कड फाडली. आत काय बघायचं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित कुठेतरी तुमचं नाव लिहिलेलं असेल असं वाटलं असेल. दोन कागद निघाले. उर्वी बाळकृष्ण तेंडोलकर, गणित अध्यापन पद्धती, शंभरपैकी एक्याऐंशी. तिच्या वडिलांचं नाव होतं, आणि खालच्या ओळीत आईचं नाव, हेमांगी. मी ते कागद परत आत घातले, खळ करून कड चिकटवली. पण शिक्क्याचे दोन अर्धे जुळेनात. कॉलेजच्या नावातलं एक अक्षर मधेच तुटून वरखाली झालं. आता ते पाकीट कुणाच्या कामाचं राहिलं नव्हतं.

त्यानंतर नऊ दिवस रोज साडेसहाला ती विचारायची, आई, क्लार्क आला का? मी म्हणायची, नाही गं, तिकडे कुणाला पर्वाच नाही. ती एकदाही चिडली नाही. उलट मलाच म्हणायची, उन्हात सारखी जाऊ नकोस. एकदा सांगू लागली की मारिसेलचे कागद आठ दिवसांत आले. तिची आई सत्तर वर्षांची आहे, बेटावर राहते, मारिसेलच्या दोन मुलांना तीच सांभाळते. ती म्हातारी होडीने तालुक्याच्या गावी गेली, तिथे एक रात्र देवळात झोपली, आणि कागद घेऊनच परतली. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, वन्सं, गोष्टी रचण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही.

रविवारी, म्हणजे मागच्याच्या मागच्या रविवारी, सकाळी फोनच्या आधी एक फोटो आला. मारिसेलचा चाळिसावा वाढदिवस होता. फोटोत फक्त केक, त्यावर गुलाबी क्रीमने इंग्रजीत लिहिलेलं. इंग्रजी मी उर्वीच्या शाळेच्या पुस्तकांतून उचललं. ती पाचवीत असताना मोठ्याने पाठ करायची, ईट, एट, ईटन, आणि मी पोळ्या लाटताना तिच्यामागून म्हणायची. केकवर हॅपी बर्थडे, मग ए-टी-ई, मग मारिसेल. एट. खाल्लं. मारिसेलने खाल्लं. मला वाटलं, मुद्दाम काहीतरी लपवायला असं विचित्र लिहिलंय, आणि हीच संधी आहे. फोन आल्या आल्या मी विचारलं, केक अजून कापलेलाही नाही, मग कुणी खाल्ला म्हणून लिहिलंय?

उर्वीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती इतकी हसली की फोन हातातून पडला. आतून ओरडून तिने बोलावलं, आते, कम, कम, माय मदर. आणि फोनमध्ये एक बुटकी, चष्मा घातलेली, डोक्याला कागदाची टोपी लावलेली बाई आली. तिने मला हात जोडले. दातांत फट होती. ती काहीतरी म्हणाली, त्यातलं हॅलो तेवढं मला कळलं. मी तिच्याकडे बघतच राहिले. मी तिच्या मागे बघत होते, अजून कोणी येतंय का म्हणून.

उर्वी डोळे पुसत म्हणाली, "आई, ते एट नाही, आते आहे. त्यांच्यात, फिलिपिन्समध्ये, मोठ्या बहिणीला आते म्हणतात. पहिल्याच दिवशी बाकीच्या तिला तशी हाक मारत होत्या, आणि मी शाळेच्या दारात उभी राहून रडले." मी विचारलं, रडलीस कशाला?  ती म्हणाली, "सहा वर्षांत कुणाला आते म्हटलं नव्हतं ना." एवढंच. लगेच कुणीतरी मेणबत्त्या आणल्या आणि ती उठून गेली. फोन टेबलावर तसाच राहिला. मला छत दिसत होतं आणि गाणं ऐकू येत होतं.

म्हणजे तिने शपथ एक दिवसही मोडली नव्हती. तिकडे जाऊन तिने काय केलं असेल तर हा शब्द सापडला तेव्हा उचलून घेतला. आणि त्याच्यासाठी मी तिचं पाकीट फाडून बसले होते, आणि बेटावरची ती म्हातारी खरोखरच होडीने गेली होती.

आता तुम्ही म्हणाल की डोळे उघडल्यावर माझं मन स्वच्छ झालं असेल. तसं झालं नाही. त्या दिवशी दुपारी ताटावर बसले तेव्हा मला त्या मारिसेलचा हेवा वाटत होता. ती उर्वीबरोबर भात खाते, तिचा खोकला ऐकते, ताप आला तर कपाळाला हात लावते. आणि तुमचा पूर्वीपेक्षा जास्त वाटला. तीन वर्षांत तिने 'आई' म्हणून कुणाला हाक मारली नव्हती, कारण आई रोज फोनवर होती. तुमची जागा रिकामी ठेवून तिने ती सांभाळली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण नुसतं गोड लिहायचं असतं तर नऊ वर्षं थांबले नसते.

पाकीट परवा पोचलं. नवीन, न फोडलेलं. उर्वीने शाळेच्या ऑफिसातल्या बाईच्या हातात देतानाचा फोटो पाठवला. तिला दोन वर्षं मिळतील असं सगळे म्हणतात. पोचल्यावर मी तिला सांगितलं की क्लार्क रजेवर नव्हता, पाकीट मी ठेवलं होतं, मीच फाडलं, आणि का.   ती म्हणाली, आई, मला विचारायचंस ना गं. मी म्हटलं, हो, विचारायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन येईल का याची मला धाकधूक होती. आला, पण दहा मिनिटं उशिरा, आणि ती नेहमीपेक्षा कमी बोलली. तेवढं देणं मी तिचं लागते. शपथेतून मी तिला मोकळं केलं आहे. तिचा नंबर या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिला आहे. तुम्हाला करावासा वाटला तर करा, कधीही करा, फक्त सकाळी साडेसहा सोडून. ती वेळ माझी आहे.

तेराव्याच्या दिवशीचं वाक्य मागे घेते असं लिहून ते मागे येत नाही, हे मला कळतं. ते मी बोलले, ते वाईट होतं, आणि ते खरंही नव्हतं. तुमचं काही नव्हतं असं नाही.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही. हे पत्र अशासाठी की मी तुमची एक वस्तू तुम्हाला न विचारता वापरली, आणि ते उर्वीच्या आधी तुम्हाला कळायला हवं. त्या रविवारी दुपारीच मी सुदेशला फोन केला. दुसरी प्रत हवी तर पंधरा कामाचे दिवस, असं त्याने सांगितलं. लवकर हवी तर फक्त प्राचार्य देऊ शकतात, आणि त्या आधी वेळ घेतल्याशिवाय कुणालाही भेटत नाहीत. माझ्या हातात एकूण पंधरा दिवस होते आणि त्यातले सहा कुरियरचे. कॉलेजात पहिल्यांदा अर्ज दिला तेव्हा आडनाव वाचून तिथल्या शिपायाने मला विचारलं होतं, आपल्या बाईंच्या कोण तुम्ही? तुम्हाला त्या कॉलेजातून रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी तिथे आपल्या बाई म्हणजे तुम्हीच. मी म्हटलं होतं, कोणी नाही, आडनाव सारखं आहे. पुढे, दुसऱ्या खेपेला, आत गेल्यावर प्राचार्य स्वप्ना मॅडम खुर्चीतून उठल्या, मला पाणी दिलं, झालेलं सगळं मी सांगितलं ते ऐकून घेतलं, आणि माझ्यासमोर नव्या पाकिटावर सही केली. निघताना त्यांनी विचारलं, बाईंचा गुडघा आता कसा आहे, अजून कळव्याला प्रीतीकडेच आहेत ना? तुमचं ऑपरेशन झालं हे मला तिथे कळलं, तुमच्या विद्यार्थिनीचा पत्ताही तिथेच मिळाला, आणि मी म्हटलं, हो, बरा आहे, कारण बाहेर जे सांगून मी आत आले होते त्यानंतर मला माहीत नाही असं म्हणायची सोय उरली नव्हती. सुदेशला फोन केल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कॉलेज उघडायच्या आधी मी कल्याणला जाऊन प्राचार्यांच्या दारापाशी उभी राहिले, आणि तोच शिपाई आला तेव्हा त्याला म्हणाले, "आत सांगा, तेंडोलकर बाईंची भावजय आली आहे."

तुमचीच,
हेमांगी